मशीन खोटं बोलत नाही म्हणाले आणि मी सही केली

५०,५०० रुपये. वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या (हृदयाची अडलेली नस उघडायच्या) बिलात जास्तीचे लावलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच विचारतो, किती गेले. दोन बलूनचे (नस उघडायला आत फुगवतात तो फुगा) २३,६००, दोन वायरचे (जिच्यावरून बलून आत सरकवतात) १४,८००, एका गायडिंग कॅथेटरचे (हे सगळं हृदयापर्यंत नेणारी नळी) ६,९०० आणि एका इंडिफ्लेटर किटचे (बलून फुगवायचा पंप) ५,२००. यातली एकही वस्तू माझ्या वडिलांच्या अंगाला लागलेली नाही, आणि बिलाच्या अकराच्या अकरा पानांवर खाली माझी सही आहे.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, १९ वर्षं झाली. दिवसभर व्हाउचर आणि पावत्याच जुळवतो. म्हणून हे लिहायला मला सात-आठ महिने लागले, घरात सुद्धा पूर्ण कोणाला सांगितलं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांच्या बिलात हेच बघितलं, तेच हॉस्पिटल, तसंच कन्झम्प्शन शीट (वापरलेल्या सामानाची यादी), मग म्हटलं आता लाज बाजूला ठेवायची.

झालं असं की अण्णांच्या (वय ६८) छातीत सकाळी कळ आली, गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून लगेच शहरात न्यायला सांगितलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी. दुपारी २.४० ला आत घेतलं, ३.५० ला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, दोन स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) टाकले, दोन बलून लागले, सगळं व्यवस्थित झालं. हे मी आणि बायको दोघांनी ऐकलं. सव्वाचारला अण्णांना बाहेर काढलं आणि साडेचारला मी आयसीयूत त्यांच्या ओठाला चमच्याने पाणी लावत होतो. ही वेळ लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. सकाळी अकराला डॉक्टरांनी सोडलं, टीपीएचं (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) अप्रूव्हल यायला संध्याकाळचे ६.४० झाले. बिल ३,८६,४५०, इन्शुरन्सने दिले २,९१,३००, माझ्या खिशातून ९५,१५०. अण्णा सकाळपासून कपडे घालून व्हीलचेअरवर बसलेले, मनगटाला पट्टी, रूम रिकामी करा म्हणून मावशी दोनदा येऊन गेली. अशा वेळी बिलिंगवाल्या मुलाने अकरा पानं पुढे सरकवली आणि पेनाने खुणा केल्या, इथे इथे सही.

बायकोने तेव्हाच विचारलं हो. सातव्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "चार बलून कसे? डॉक्टर तर दोन म्हणाले होते." तो मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे आता काही हाताने लिहीत नाहीत. प्रत्येक बॉक्सला आरएफआयडी टॅग आहे, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं स्टिकर, कपाटातून निघाला की पेशंटच्या नावावर आपोआप पडतो. फ्रॉड होऊ नये म्हणूनच मॅनेजमेंटने ही सिस्टीम बसवली. माणूस चुकेल, मशीन खोटं बोलत नाही." आणि मी काय केलं, तर बायकोलाच म्हटलं, तू गप बस, त्यांना कळतं. आणि सह्या केल्या.

त्याच पानावर प्रत्येक वस्तूपुढे वेळ छापलेली होती! माझ्या डोळ्यासमोर. ४.५२, ४.५२, ४.५२, ४.५३, ४.५३, ४.५३. सहा वस्तू, दोन मिनिटांत. तेव्हा अण्णा आयसीयूत होते आणि मी त्यांच्या उशाशी होतो. पतसंस्थेत एखाद्या व्हाउचरवर कामकाज बंद झाल्यानंतरची वेळ असती तर मी ते जागेवर परत केलं असतं. इथे ते पान माझ्या हातात किमान दोन मिनिटं होतं आणि मी खुणा शोधून सह्या करत बसलो. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते पानच दिसतं. लोक म्हणतात तू वाचायला हवं होतंस, बरोबर आहे, पण बाप व्हीलचेअरवर आणि सात तास ताटकळलेला असताना अकरा पानं वाचणारा माणूस मला दाखवा. आणि त्या मुलाने 'आपोआप' म्हटल्यावर मी विश्वास ठेवला, कारण फास्टॅग पण असाच चालतो, आपण कुठे दर वेळी टोलची पावती तपासतो.

उघडकीला आलं ते तीन आठवड्यांनी. डिस्चार्जनंतरच्या औषधांचा क्लेम टाकायचा होता, टीपीएने स्टेंटचे स्टिकर मागितले, म्हणून मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात पूर्ण फाइलची कॉपी मागितली. मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे, मला ११ दिवसांनी मिळालं, ते सुद्धा लेखी अर्जावर पोच घेतली म्हणून. (तोंडी मागू नका. पोच घ्याच.) त्या फाइलमध्ये एक पान असतं ज्यावर वापरलेल्या प्रत्येक वस्तूचं स्टिकर बॉक्सवरून काढून चिकटवतात, लॉट नंबर, एक्स्पायरी, सगळं असतं त्यावर. आमच्या पानावर स्टेंट दोन, बलून दोन, वायर एक, गायडिंग कॅथेटर एक, इंडिफ्लेटर एक. डॉक्टरांच्या प्रोसिजर नोटमध्ये तेच. आयसीयूच्या पहिल्या कागदावर सिस्टरच्या अक्षरात 'रिसीव्ह्ड ४.२०'. रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून मी टिकमार्क करत बसलो आणि सहा ओळी उरल्या. त्याच सहा, ४.५२ आणि ४.५३ वाल्या.

मग बायकोने कपाटातून पिशवी काढली. कॅथलॅबच्या (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) सिस्टरने रिकामे बॉक्स दिले होते, मी टाकून दे म्हटलेलं, तिने ठेवले होते. प्रत्येकावर पांढरा टॅग. तो उजेडासमोर धरला की कागदाच्या आत चंदेरी वळणं दिसतात, ती अँटेना, आणि मधे टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका म्हणजे चिप. वर २४ आकडे-अक्षरांचा नंबर छापलेला, तो बिलातल्या नंबराशी तंतोतंत जुळला. फक्त जे खरंच वापरलं त्यांचाच. उरलेल्या सहा नंबरांचे बॉक्स पिशवीत नव्हतेच.

माझा आतेभाऊ सर्जिकलच्या डीलरकडे कामाला आहे, त्याने मला समजावलं ते सगळ्यांनी नीट समजून घ्या. टॅग असतो बॉक्सवर. त्याला बॅटरी नसते, कपाटातल्या रीडरच्या लहरी पडल्या की तो आपला नंबर सांगतो, एवढंच. म्हणजे मशीनला कळतं काय, तर बॉक्स कपाटात आहे की नाही. तो फोडला का, आतली वायर कोणाच्या हातात गेली, कोणाच्या शरीरात गेली, यातलं मशीनला काहीही कळत नाही. शिवाय धातू आणि पाणी जवळ असलं की टॅग वाचायला त्रास होतो, आणि कॅथलॅबमध्ये दुसरं असतं काय. डॉक्टर सुरुवातीला दोन-चार साइझचे बलून बाहेर काढून ठेवायला सांगतात, न वापरलेले परत कपाटात ठेवले की ते नावावरून कमी होतात. परत ठेवलेच नाहीत, नुसते शेजारच्या ट्रॉलीत ठेवले, तर पेशंटच्या नावावर राहतात. आणि सील न फोडलेला बॉक्स नवा टॅग चिकटवून पुन्हा कपाटात ठेवता येतो, कारण टॅग म्हणजे शेवटी स्टिकरच. आमच्या बाबतीत नेमकं काय केलं ते मी सिद्ध करू शकत नाही, पण आमचे सहा बॉक्स तर पेशंट गेल्यावर बाहेर निघालेत, म्हणजे डॉक्टरांनी मागून ठेवले होते असंही म्हणता येत नाही.

आणि बलून-वायरच का? कारण स्टेंटला हात लावता येत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा औषधवाल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६०. बलून, वायर, कॅथेटरला अशी मर्यादा नाही, एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन, आणि मुळात एमआरपीच केवढी छापलेली असते. २०१८ मध्ये सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने दिल्लीकडच्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा औषधं आणि अशा सामानावरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता. स्टेंट बघू नका, त्याच्या खालच्या ओळी बघा.

आता दाद मागायची कथा. हॉस्पिटलला मेल केला, नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर, रेकॉर्ड सिस्टीम जनरेटेड आहे, तफावत नाही. मी ४.२० चा कागद जोडून पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं की गर्दीमुळे स्टाफने काही एंट्री नंतर एकत्र केल्या. म्हणजे एंट्री माणसाने केली! काउंटरवर सांगताना मशीन आपोआप लिहितं, आणि वेळ चुकली की स्टाफने नंतर केली. एक तर मशीन लिहितं नाहीतर माणूस, दोन्ही एकदम कसं? रिकाम्या बॉक्सबद्दल म्हणे ते बायोमेडिकल वेस्टमध्ये गेले. मग बाकीचे पिशवीत घालून आम्हाला का दिले? याला आजतागायत उत्तर नाही.

टीपीएला फोन केला. मला वाटलं त्यांचेही पैसे गेलेत, ते तरी खवळतील. ती मुलगी म्हणाली, "सर, क्लेम सेटल झालाय, तुमचा काय लॉस आहे?" माझा काय लॉस! पॉलिसी सगळ्या घराची मिळून ३ लाखांची, त्यातले शिल्लक राहिले ८,७००. पुढे दोन महिन्यांत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, ३४,००० झाले, त्यातले २५,३०० मी सोन्यावर कर्ज काढून भरले. कॅशलेस आहे म्हणून बिल न बघणारे सगळे हे वाचा. ते पैसे तुमचेच असतात.

विमा लोकपालाकडे चौकशी केली, ते इन्शुरन्स कंपनीविरुद्धच्या तक्रारी घेतात, हॉस्पिटलविरुद्ध नाही. मग महापालिकेचा आरोग्य विभाग. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ ला बदल झाले, रुग्णहक्कांची सनद लावायची, दरपत्रक लावायचं, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर, सगळं कागदावर छान आहे. तो नंबर मी तीन दिवस लावला, कोणी उचलला नाही. प्रत्यक्ष गेलो तर पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला अर्ज तीन प्रतींत आणा, तिसऱ्या खेपेला टेबल बदललेलं, आणि चौथ्या खेपेला सांगितलं की बिलाच्या रकमेत आम्ही पडत नाही. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं? प्रत्येक खेपेला माझी अर्धी रजा आणि येण्याजाण्याचे ३२० रुपये. औषध खात्याच्या ऑफिसात गेलो, त्यांनी विचारलं एमआरपीपेक्षा जास्त लावलंय का. नाही, उलट कमीच लावलंय. मग आमच्याकडे केस होत नाही. अहो पण वस्तू वापरलीच नाही, तर एमआरपीचा प्रश्न येतो कुठे? साहेबांनी फाइल परत माझ्याकडे सरकवली. पोलीस ठाण्यात ड्युटीवरच्या अंमलदाराने पहिलं पान वाचलं, "बिलावर सही तुमचीच ना? मग हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." अर्जावर पोच द्यायला सुद्धा तासभर बसवलं. सगळीकडे मला हेच ऐकवलं, सही तुमची आहे. जणू चोरी माझ्या सहीने केली.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतं, ऑनलाइन पण दाखल होते, दोन वर्षांच्या आत टाकायला लागते. मी वकील लावला नाही. आतापर्यंत चार तारखा झाल्या, दोनदा समोरचे वकील आले नाहीत, एकदा त्यांनी मुदत मागितली.

ज्यांचं माणूस आत्ता ॲडमिट आहे त्यांच्यासाठी. डॉक्टर बाहेर येऊन बोलतात तेव्हा किती वस्तू वापरल्या ते तिथेच फोनमध्ये लिहून घ्या, वेळेसकट. स्टिकरच्या पानाचा फोटो डिस्चार्जच्या आधीच मागा, नंतर अकरा दिवस लागतात. बिलात टॅग नंबर नसेल तर तो मागा, असेल तर बॉक्सशी जुळवा. सही करायलाच लागली तर सहीखाली 'वस्तूंची पडताळणी बाकी, हरकत राखून' असं स्वतःच्या हाताने लिहा, पेन तुमच्याच हातात असतं. आणि बायको काही विचारत असेल तर तिला गप बसवू नका.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या माणसाचा फोन आला होता. सद्भावना म्हणून २३,६०० परत द्यायला तयार आहेत, दोन बलूनचे बरोब्बर, फक्त 'कोणतीही तक्रार नाही' असं लिहून सही द्यायची. मी त्याला विचारलं की मशीन बरोबर आहे तर बलूनचे पैसे कशाचे परत देताय. तो म्हणाला मी वरती विचारून सांगतो, आणि फोन आला नाही. पुढची तारीख १७ ला आहे. ते रिकामे बॉक्स टॅगसकट पिशवीत तसेच ठेवलेत, ते घेऊन जाणार आहे.