तीन मांजरं, नाताळचं झाड आणि कॅट टॉवर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत घेतलेल्या कॅट टॉवरला, म्हणजे मांजरांना चढायच्या आणि खरवडायच्या उभ्या मनोऱ्याला, या आठवड्यात सहा महिने झाले. मधे पावसाळा गेला, नाताळही झाला, म्हणून आता मोकळेपणाने लिहिता येईल. टॉवर घेण्यामागे माझं कारण एकच होतं. नाताळचं झाड आणि मांजरं एकाच हॉलमध्ये असायला हवी होती आणि कुणाच्याही जिवाला धोका नको होता.

आम्ही वसईला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मांजरं तीन. सोनी सहा वर्षांची, शांत. गोट्या हा बोका, २०२४च्या पावसात वसईतल्या पापडी गावच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांमागे सापडला. चिंगी सगळ्यांत धाकटी, गेल्या ऑगस्टमध्ये आली. झाडाला खरा धोका पिल्लाचा. सहा महिने ते वर्षभराचं मांजर अंगाने मोठं झालेलं असतं, पण अजून सगळंच चावून बघायचं असतं. एकटी सोनी होती तोवर पाच वर्षं झाडाखाली गुंडाळी करून झोपायची, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे मी बेफिकीर राहिले.

१८ डिसेंबर २०२४. आदल्या रात्री झाड दोनदा पडलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं होतं. सकाळी गोट्याने जेवण सोडलं. दुपारी पिवळं ओकला, नंतर नुसतीच लाळ. तोंड उघडून बघितलं तर जिभेखाली झाडावरच्या चंदेरी चमकीचा एक धागा आवळून बसलेला, आत घशाकडे गेलेला. माझा हात आपोआप धागा ओढायला गेला. फोनवरच्या डॉक्टरांनी ओरडूनच थांबवलं. असा लांब धागा एका टोकाला अडकला की आतडं पुढे सरकायचा प्रयत्न करत त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, आणि ओढला तर धागा आतड्याची भिंत कापत जातो. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकताच येत नाही, गिळावाच लागतो. हे मला त्या दिवशी कळलं. ऑपरेशन झालं, आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी गेले नाही, त्याच्याजवळ बसले. तो वाचला. त्या वर्षापासून चमकी, झिरमिळ्या, रिबिनी आमच्या घरात येत नाहीत, पाहुण्यांच्या भेटवस्तूंवरसुद्धा नाहीत. त्या दारातच सोडून ठेवते.

टॉवरआधी बाकीचे उपाय करून झाले होते. संत्र्याच्या साली झाडाखाली ठेवल्या. दोन दिवस बरं चाललं, मग वास गेला आणि आमच्या दमट हवेत बुरशी धरली, मुंग्या आल्या. अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरलं, गोट्या पहिल्या दिवशी बिचकला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर झोपला. घडीचं जाळीचं कुंपण कुत्र्यासाठी चांगलं असेल, मांजराला ती एक उडी आहे. शिवाय त्यामागे येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा दिसत नाही, मग मांडायचा कशाला?

हालचाल झाली की हवेचा फवारा मारणारा डबा मात्र नीट सांगण्यासारखा आहे, कारण त्याची जाहिरात फार होते. काम करतो, शंभर टक्के. मांजर झाडाकडे फिरकत नाही. पण गोट्या हॉलमध्येच यायचा थांबला. पलंगाखाली बसून राहायचा, मातीच्या ट्रेपर्यंत जाताना हॉल लागतो म्हणून खोलीतच मुतायला लागला. पोटावरचे टाके नुकतेच निघालेल्या जिवाला मी आणखी घाबरवत होते. चार दिवसांत काढून टाकला. संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलो की तो डबा आमच्यावरही फुसफुसायचा, त्यात सासूबाईंना हृदयाचा त्रास.

एक कळकळीने सांगते, डांबराच्या गोळ्या ठेवू नका. मांजर पळवायला त्या सर्रास सुचवल्या जातात. मांजरासाठी त्या विष आहेत. बाटलीतली सुगंधी तेलंही तशीच, संत्र्याची असोत नाही तर टी ट्रीची. मांजराच्या यकृताला ही रसायनं माणसासारखी निकामी करता येत नाहीत, आणि पंजावर लागलेलं तेल ते चाटणारच.

टॉवरची कल्पना खरं म्हणजे सासूबाईंच्या बोलण्यातून निघाली. गोट्या फ्रिजवर, पडद्यावर, झाडावर चढतो म्हणून मी वैतागले होते. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या जुन्या घरात माळा होता. मांजर दिवसभर माळ्यावर. खाली येऊन कशावर चढायची त्याला गरजच नव्हती. तुझ्या घरात त्याने जायचं कुठे?" आमच्या फ्लॅटमध्ये मांजराला वर बसून खालचं घर बघायला एकही जागा नव्हती. डिसेंबरमध्ये अचानक एक जागा उगवायची, ते नाताळचं झाड.

मी घेतलेला टॉवर पाच फूट चार इंच उंच आहे. तीन फळ्या, मधे एक खोपा, खांबांना सिसलचा दोर. किंमत पाच हजारांच्या आत पडली. जोडायला तास लागला, किल्ली सोबत येते. घेताना सगळ्यांत खालचा खांब आधी बघा. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण अंग ताणून खरवडतं, त्यासाठी निदान अडीच-तीन फूट सलग दोर हवा. स्वस्तातल्या टॉवरना दीड फुटाचे तुकडे असतात, त्याकडे मांजर ढुंकूनही बघत नाही आणि आपला सोफा धरतं.

पहिले बारा दिवस कुणीही चढलं नाही. पैसे गेले असं वाटलं. मग तीन गोष्टी केल्या. टॉवर कोपऱ्यातून काढून खिडकीशी लावला, बाहेर चिकूचं झाड आहे आणि त्यावर दिवसभर बुलबुल. मांजरांच्या झोपायच्या चादरीचा एक तुकडा वरच्या फळीवर बांधला. आणि वाडीत पावसात उगवणारी खोकली नावाची वनस्पती उपटून तिचं मूळ दोराला घासलं. त्या मुळाच्या वासाला मांजरं वेडावतात हे आमच्याकडे जुन्या माणसांना माहीत आहे. मूळ घासून लगेच फेकून दिलं, चघळायला दिलं नाही, कारण वनस्पती औषधी असली तरी पोटात जायची नाही. त्या संध्याकाळी गोट्याने दोराला गाल घासले, मग पंजे रोवले. दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवर.

म्हणून टॉवर नोव्हेंबरच्या शेवटी मागवू नका. मांजर खरवडतं तेव्हा पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे सोडतं, जागा स्वतःची करतं, आणि त्याला आठवडे लागतात. आमचा टॉवर डिसेंबरपर्यंत पाच महिने मुरलेला होता.

झाडाकडेही टॉवरइतकंच लक्ष दिलं. आमचं जुनं झाड सहा फुटी, प्लास्टिकचं, तीन पायांच्या हलक्या स्टँडवर. ते चुलत दिराकडे दिलं आणि साडेचार फुटी घेतलं. मुलं हिरमुसली, लेक तर रडली. पण घरातली सगळ्यांत उंच जागा टॉवरचीच राहायला हवी होती, आणि झाड त्याच्यापासून आठ-नऊ फूट लांब, समोरच्या भिंतीला. रंगाच्या रिकाम्या डब्यात रेती भरून त्यात बुंधा रोवला, वर लाल कापड. शेंड्याच्या खालून दोन तंगूस, म्हणजे मासेमारीचे नायलॉनचे दोरे, भिंतीतल्या हुकांना ताणून बांधले. कोळीवाड्याच्या बाजारात मिळतो तो जाड तंगूस, दोन हातांवरून दिसत नाही. धाकट्या दिराने झाड धरून हलवून बघितलं, हललं नाही.

३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, झाड नुसतंच उभं केलं. दहा दिवस त्याला काहीही लावलं नाही. चिंगीने हुंगलं, पाचदा आत शिरली, एक फांदी चावली. दर वेळी मी ओरडले नाही. काठीला बांधलेलं पीस हलवत तिला टॉवरकडे नेलं आणि वर पोचली की सुक्या बोंबलाचा बारीक तुकडा दिला. मांजरं तिन्हीसांजेला आणि पहाटे उधाणतात, तेव्हा त्या दोन वेळांना पंधरा-पंधरा मिनिटं खेळून त्यांना दमवायचं ठरवलं. पहाटेची पाळी नवऱ्याने घेतली आणि निभावली.

मग सजावट. खालचा दीड फूट मोकळा. त्यावर लाकडी चांदण्या आणि लेकीने कापडाचे शिवलेले मासे, तारेच्या आकड्याऐवजी सुतळीची गाठ मारून. काचेचे गोळे चारच, वरती. मुख्य म्हणजे दिवे. थेट २३० व्होल्टवर चालणारी माळ काढून टाकली, पाच व्होल्टची मोबाइलच्या अ‍ॅडॅप्टरवरची लावली, खाली येणारी वायर प्लास्टिकच्या केसिंगमधून नेली आणि झोपताना अ‍ॅडॅप्टरच काढायचो. बटणासारख्या सेलवर चालणारे दिवे नको म्हटलं, तो सेल गिळला गेला तर आतून भाजतो. नाताळात येणाऱ्या गुच्छांतल्या मोठ्या पाकळ्यांच्या लिलीही आता घरात ठेवत नाही. तिचे पराग अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराची किडनी जाते. आपल्याकडे हारात घालतात ती पांढऱ्या कळ्यांची लिली वेगळी, पण तीही मांजराच्या तोंडात जाऊ देण्यासारखी नाही. त्या मानाने लाल पानांच्या पॉइन्सेटियाची भीती उगाच मोठी केली जाते. चावलं तर लाळ गळते, फार तर उलटी होते.

झाड ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला काढलं. साधारण पाच आठवड्यांत पडलं एकदाही नाही. चिंगी सात वेळा आत शिरली, मी कॅलेंडरवर खुणा करत होते, आणि त्यातल्या पाच पहिल्या दहा दिवसांतल्या. एक कापडी मासा तिने पळवला, तो तिलाच दिला. गोट्या झाडाकडे गेलाच नाही. तो आता मोठाही झालाय, त्यामुळे त्याचं सगळं श्रेय मी टॉवरला देणार नाही. पण चिंगी त्याच वयाची होती ज्या वयात गोट्याने चमकी गिळली, म्हणून तिच्या बाबतीतला फरक मी खरा मानते.

२४ तारखेच्या रात्री मिस्सेहून परतलो तेव्हा पहाटेचा दीड वाजला असेल. दिवा न लावताच आत आलो. चिंगी टॉवरच्या अगदी वरच्या फळीवर, एक पंजा खाली लोंबता, झाडाकडे तोंड करून बसलेली. गोट्या खोप्यात. आणि सोनी गोठ्यात, पेंढ्यावर, मेंढरं बाजूला सारून. बाळ येशू मी अजून ठेवला नव्हता. तिला उठवलं नाही, बाळाला तिच्या पोटाशी ठेवलं आणि आम्ही सगळे तिथेच खाली बसलो. सासूबाईंनी हलक्या आवाजात आमच्या बोलीतलं गाणं म्हटलं.

तक्रारी आहेत. बेस फार हलका. चार किलोच्या बोक्याने खालून झेप घेतली की टॉवर डुलतो, गोट्या चढायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो एल पट्टीने भिंतीला ठोकला. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर हा घेऊ नका, रुंद बेसचा बघा. फळ्या भुशाच्या बोर्डाच्या आहेत, पावसाळ्यात खालची कड फुगली आणि मखमलीला कुबट वास धरला. ती मखमल काढता येत नाही, धुता येत नाही, केस ब्रशने ओढून काढावे लागतात. निर्मात्याकडे बदली बेस मागितला तर सुटे भाग मिळत नाहीत असं उत्तर आलं. या किमतीला हे बरोबर नाही. खालच्या खांबाचा दोर चौथ्या महिन्यात उसवला. लगेच बदलू नका, फाटका दोर त्यांना जास्त आवडतो. अगदी लाकूड दिसायला लागल्यावर मी त्यावर जाड सुतळी गुंडाळली, दर दहा वेढ्यांनी एक खिळा ठोकून. काथ्याही आणला होता, पण तो टोचतो, गोट्याने हात लावला नाही.

आता बेसची फुगलेली पाटी सुताराकडे दिली आहे. त्याला वीस बाय चोवीस इंचाचा मरीन प्लाय घालायला सांगितलंय, खाली रबराचे चार पाय. तोवर टॉवर भिंतीला टेकवून ठेवलाय आणि चिंगी सकाळपासून त्याच्याखाली बसून माझ्याकडे बघतेय.