म्युझिक प्लेअर, आठ महिन्यांनंतर: डावा कान मंद का वाजतोय?

आवाजाबद्दल आधी थोडक्यात, कारण तक्रार तिथे नाहीच. तानपुऱ्याची जोड, डग्ग्याची घुमार, समेआधी गायकाने घेतलेला श्वास, फोनवर एकमेकांत मिसळून जाणारं हे सगळं इथे सुटं ऐकू येतं. बॅटरी दिवसभर पुरते. बटणं खिशातल्या खिशात हाताला लागतात. मोठं मेमरी कार्ड घातलं की गाण्यांची यादी बनवायला वेळ लागतो, पण तो पहिल्या वेळेपुरताच.

माझ्या जिवाला घोर लावला तो दोन गोष्टींनी.

पहिली म्हणजे बारीक ‘सूंऽऽ’. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत येणारी. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती तेवढीच राहायची, म्हणजे ती फाइलमधली नव्हती, प्लेअरच्या ॲम्प्लिफायरची होती. पण माझे इअरफोन १६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आणि फार संवेदनशील आहेत, थोड्याशा वीजेवर मोठ्याने वाजणारे. मित्राचा ३०० ओहमचा हेडफोन लावला तर ती सूं गायब. सेटिंगमध्ये गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर आवाज किती वाढवतो ते, ‘लो’वर ठेवल्यावर माझ्या इअरफोनवरही ती बरीच कमी झाली. हा बिघाड नाही, जोडी नीट न जुळल्याचा परिणाम आहे. एवढ्यावरून कुणी प्लेअर परत करू नये.

दुसरी गोष्ट गंभीर. सहाव्या महिन्याच्या सुमारास गाणं उजवीकडे सरकल्यासारखं वाटू लागलं. स्टिरिओ गाण्यात हे ठामपणे सांगता येत नाही, वाद्यं मुळातच दोन बाजूंना वाटलेली असतात. म्हणून ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातली जुनी नाट्यपदं लावली. ती मोनो असतात, दोन्ही कानांत अगदी एकच आवाज, त्यामुळे गाणारा बरोबर डोक्याच्या मध्यभागी उभा राहायला हवा. माझ्याकडे तो उजव्या कानशिलाकडे झुकला होता!

मग एकेक करून तपासत गेलो. इअरफोन उलटसुलट घातले, तर मंद बाजू डावीकडून उजव्या कानात गेली. म्हणजे कान ठीक. तीच वायर, तेच इअरफोन लॅपटॉपला लावले, आवाज मध्यभागी. म्हणजे वायरही ठीक. ३.५ मिमीच्या पिनचं टोक डाव्या कानाचं असतं आणि ते सॉकेटच्या तळाशी टेकतं. खिशातला कापडाचा भुगा नेमका तिथेच साचतो, पिन पूर्ण आत बसत नाही. टॉर्च मारून पाहिलं, थोडा भुगा निघाला, प्लेअर बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच साफही केलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पिन बोटांत धरून किंचित फिरवली की ‘खर्रर्र’ व्हायचं आणि डावा कान क्षणभर पूर्ण जिवंत व्हायचा. इथे माझी खात्री पटली. शेवटी त्याच इअरफोनला ४.४ मिमीची बॅलन्स्ड वायर (दोन्ही कानांसाठी पूर्ण वेगळ्या तारा असलेली) लावली. ते सॉकेट वेगळं, आणि त्यावर गाणारा पुन्हा मध्यभागी. दोष ३.५च्या सॉकेटमध्येच.

विक्रेत्याने फोनवर आधी फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला सांगितलं. केलं. सैल झालेला धातूचा संपर्क फर्मवेअरने कसा घट्ट होणार? पिन फिरवतानाचा व्हिडिओ काढून बिलासोबत पाठवला, तेव्हा प्लेअर दुरुस्तीला घेतला. सॉकेट बदलून मिळालं, वॉरंटीत, पण तीन आठवडे गेले. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की सॉकेट सर्किट बोर्डला जोडणारा सोल्डरचा टाका सुटला होता. भरल्या लोकलमध्ये, जीन्सच्या खिशात, वर उभी राहणारी सरळ पिन सतत एका बाजूला दाबली जाते आणि तो ताण थेट बोर्डवरच्या टाक्यावर येतो, हे मला पटतं. तरी खिशात ठेवण्यासाठीच बनवलेल्या वस्तूचं सॉकेट सहा महिन्यांत सुटावं हे मला मान्य नाही. त्याला बोर्डवर नुसत्या टाक्याचा नाही, केसचाही आधार हवा. आता मी काटकोनात वळलेली पिन वापरतो आणि बाहेर असताना प्लेअर शर्टाच्या खिशात ठेवतो.

घ्यावा का? भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल मिळत असेल तर जरूर, या आवाजासाठी मी पुन्हाही घेईन. बाहेरून कुणाकरवी स्वस्तात मागवणार असाल तर नको. एका सॉकेटसाठी तो परदेशी पाठवण्याच्या खर्चात वाचलेले पैसे निघून जातील.