युरियाची वीस लिटरची बादली: ब्रँड नंतर, आधी तारीख

प्रदूषणाच्या कडक नियमांचे बीएस-६ ट्रक आले २०२० साली, तेव्हापासून लांब पल्ल्याच्या गाडीत डिझेलसोबत डीईएफही लागतं, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं युरियाचं पाणी; त्याची टाकी वेगळी. लाईनवर त्याला कुणी डीईएफ म्हणत नाही, 'युरिया'च म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

खप डिझेलच्या साधारण ४ ते ६ टक्के. न्हावा-शेवा ते दिल्ली भरलेली गाडी चारच्या अ‍ॅव्हरेजने साडेतीनशे लिटर डिझेल पिते, म्हणजे एका फेरीला जवळपास एक बादली. ती इंडियन ऑइलच्या क्लिअरब्लूची असो की गाडीच्या कंपनीची, आतला माल एकच: ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. लेबलवर आयएसओ २२२४१ हे डीईएफच्या दर्जाचं मानक हवं, झाकणाचं सील शाबूत हवं. पण खरी नजर टाकायची ती भरल्याच्या तारखेवर. पंचवीस अंशांखाली हा माल दीड वर्ष टिकतो, पस्तीस अंशांत जेमतेम सहा महिने. धुळ्याच्या पुढे दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या बादल्या मे महिन्यात घेऊ नयेत, ब्रँड कितीही मोठा असला तरी. झाकण उघडताच अमोनियाचा भपका नाकात गेला तर ती परत करावी.

वजनकाटा जवळ असेल तर तपासणी सोपी. वीस लिटर डीईएफ भरतं २१.८ किलो, बादलीचं वजन वेगळं. आतला माल वीस-साडेवीस भरला तर पाणी मारलंय. थेंबातून प्रकाश कसा वळतो ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही युरियाचं प्रमाण सांगतो, पण खताचा युरिया असेल तर तोही फसतो. प्रमाण बरोबर, माल खोटा.

धाब्यामागच्या कॅनमधला सुटा माल बहुधा तसलाच. सबसिडीची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, त्यात बोअरचं पाणी, की झाला युरिया तयार. शेतीचा युरिया असा वापरणं बेकायदा आहेच, वर त्याला कडुलिंबाच्या तेलाचा थर. तेलाने फिल्टर चोंदतो, खतात जास्त असणाऱ्या बाययुरेट या अशुद्ध घटकाचे खडे युरिया फवारणाऱ्या नोझलवर बसतात आणि बोअरच्या क्षारांनी सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट निकामी होतो. नोझल धुऊन निघतं, कॅटॅलिस्ट नाही. मीटरवर आधी दिवा, मग ओढ कमी, आणि शेवटी पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात गाडी मुंगीसारखी. बादलीमागे वाचलेले पैसे मालकाचे, घाटात रात्र काढायची ड्रायव्हरने.

पंपावरचं डिस्पेन्सर बादलीपेक्षा स्वस्त पडतं आणि सांडत नाही. जिथे दिवसभर ट्रकची रांग असते तिथेच भरावं, कारण तिथे माल पडून राहत नाही.

बादलीसोबत येणारी नळी मात्र बहुतेक ब्रँडची रद्दी: आखूड, आणि झाकणाच्या आट्यांत नीट बसत नाही. सांडलेलं लगेच पाण्याने धुवावं. वाळून पांढरं झालं की वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरतं आणि तांबं खातं. डिझेलची चाडी इथे वापरू नये, पितळेची किंवा गॅल्व्हनाइज्ड तर नाहीच. निळं झाकण युरियाचं, हे क्लीनर नवा असेल तर दाखवून ठेवावं. डिझेलच्या टाकीत युरिया गेला तर चावी न लावता टाकी रिकामी करायची. इंजिन सुरू झालं की पंप-इंजेक्टरचा खर्च.

आणखी एक, हे बादलीवर कुठेच छापलेलं नसतं: इंजिन बंद केल्यावर लगेच बॅटरीचा कट-ऑफ दाबू नये. सिस्टीम नळ्यांतला युरिया टाकीत परत ओढून घेते, त्याला दोनेक मिनिटं लागतात. ती दिली नाहीत तर नळीत खडे होतात आणि दोष चांगल्या बादलीला लागतो.

रिकामी बादली अंघोळीला झकास. फक्त तिच्यात पंपावरून पुन्हा युरिया भरून आणू नये, साबणाचा फेसही कॅटॅलिस्टला चालत नाही.