हेड गॅस्केट ‘बदललं’, पण टॅपेट कव्हरचा बोल्टही हलला नव्हता

थंडी सुरू झाली आणि माझ्या गाडीचा हीटर बिघडला. गाडी उभी असली की गार हवा यायची, रेस दिली की ऊब यायची. डॅशबोर्डच्या मागून बाटली उपडी केल्यासारखा गुडगुड आवाज यायचा. आठवडाभर तसंच रेटलं. मग एका चढावर तापमानाचा काटा भराभर वर चढला, तेव्हा घाबरून समोर दिसलेल्या गॅरेजात शिरलो.

मेकॅनिकने इंजिन ऑइलचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आतून पांढरट साय जमली होती. “पाणी ऑइलमध्ये उतरलंय. हेड गॅस्केट गेलं. आणखी चालवलीत तर इंजिनच बसेल.” हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो खालच्या भागावर बसतो तिथे पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारा पातळ थर म्हणजे गॅस्केट. माझे हातपाय गळाले. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढून बघा, एवढंही सुचलं नाही. तीन दिवसांनी गाडी मिळाली. हेड उतरवून घासून आणलं, नवं गॅस्केट बसवलं, असं सांगून त्याने भलीमोठी रक्कम घेतली. जुनं गॅस्केट मागितलं, तर “भंगारात गेलं” म्हणाला.

बारा दिवसांत पुन्हा तीच गुडगुड.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन गार होईपर्यंत बॉनेटला हात लावला नाही. मग टॉर्च मारून मला जवळ बोलावलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, बोल्टांवर तेल आणि धुळीचा जुना, कडक थर होता, कव्हरच्या कडेलाही तसाच. पान्याचा एक ओरखडा कुठे दिसेना. “हे कव्हर काढल्याशिवाय हेड निघत नाही,” तो शांतपणे म्हणाला. पहिल्याने फक्त कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, भरून दिलं होतं.

खरा दोष होता रेडिएटरच्या झाकणात. त्याचं रबर चिरलं होतं. हे झाकण कूलंट दाबाखाली ठेवतं. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट उघड्यावर १०६ अंशांच्या आसपास उकळतं, दाबाखाली १२० च्या पुढे जातं. दाब टिकेना, म्हणून कूलंट उकळून थोडं थोडं बाहेर पडत होतं आणि आत हवा धरत होती. हीटरला ऊब याच कूलंटमधून मिळते, त्यामुळे हवा अडकली की आधी हीटर गार पडतो. काटा वर आणि हीटर गार असं दिसलं, तर कूलंट कमी झालंय असं समजून गाडी लगेच बाजूला घ्या. आणि इंजिन तापलेलं असताना ते झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.

त्या सायीचं काय? थंडीत जवळच्या जवळ गाडी फिरवली की इंजिनातली वाफ ऑइलच्या झाकणाला लागून ऑइलमध्ये मिसळते. माझी डिपस्टिक स्वच्छ होती. हेड गॅस्केट खरंच गेलं, तर बहुधा डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ होतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात. तेवढ्यानेही खात्री नसेल, तर टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढून बघतात. जळलेला वायू असेल तर द्रावण पिवळं पडतं. काही मिनिटांचं काम. ही चाचणी झाल्याशिवाय हेड उतरवायला कुणालाही होकार देऊ नका.

हीटर गार असेल, तर इंजिन तापल्यावर डॅशबोर्डकडे जाणारे दोन्ही होज पाइप जपून चाचपा. एक गरम, एक गार असेल तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) तुंबलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट आणि काटाही खालीच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. तो ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडायला हवा. गाडी रहदारीतच तापत असेल तर आधी पंखा फिरतोय का ते बघा.

माझं काम नव्या झाकणावर आणि हवा काढण्यावर भागलं. बोल्टांचे फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. त्याने बिल दाखवायला सांगितलं. बिलावर फक्त ‘इंजिन काम’ एवढंच लिहिलेलं होतं. हेड किंवा गॅस्केट हा शब्द कुठेच नव्हता.