मासा गार होता

मुलीने रीळ फिरवून फिरवून मासा बोटीपर्यंत आणला, गाइडने जाळीत घेतला आणि अलगद तिच्या हातांवर ठेवला. तिचं पहिलं वाक्य होतं, "बाबा, हा किती गार आहे!" आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आठ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते आम्हा मोठ्या माणसांच्या कानांवरून गेलं. सगळ्यांच्या नाही म्हणा, पण त्याबद्दल पुढे.

गोड्या पाण्याच्या एका भल्यामोठ्या तलावावर गाइड घेऊन मासेमारीची सहल करायची, हा हट्ट माझा. बायको, मुलगी, चार वर्षांचा मुलगा, माझे वडील म्हणजे अण्णा आणि मी. जाहिरातीत लिहिलं होतं: सहा तास, बोट फक्त तुमच्या कुटुंबासाठी, सगळं सामान आमचं, परवाने आमचे आणि "मासा मिळाला नाही तर पूर्ण पैसे परत". त्या शेवटच्या ओळीवर मी भाळलो. निम्मे पैसे आगाऊ भरले.

आता वाटतं, तीच ओळ वाचून पुढे जायला हवं होतं. मासा लागेल की नाही हे गाइडच्या हातात नसतं. भला गाइड सांगतो की जागा चांगली दाखवीन, शिकवीन, बाकी तलावाची मर्जी. ज्याने हमी दिली त्याच्यापुढे रिकाम्या दिवशी दोनच वाटा उरतात: पैसे परत द्यायचे, नाहीतर मासा कुठून तरी पैदा करायचा.

ठरलं होतं पहाटे निघायचं. उन्हाळ्यात मासेमारीला पहाट आणि संध्याकाळ बरी, कारण उजेड तिरपा असतो आणि मासे खाण्यासाठी काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात. आदल्या रात्री निरोप आला की पहाटे हवा बरोबर नाही, ११ वाजता या. आम्ही ११ ला धक्क्यावर पोचलो तर आमचीच बोट येऊन लागत होती आणि तिच्यातून दुसरं एक कुटुंब उतरत होतं, जाळी अजून ओली. म्हणजे पहाट दुसऱ्यांना विकली होती. मी विचारलं, तर म्हणाला, "ते पाहुणे होते, सहज एक फेरी मारून आणली." सहा तासांत इंधन भरणं, आमिष आणायला जाणं आणि परतीचा प्रवास हे सगळं धरलेलं होतं, हेही बोटीत बसल्यावर कळलं. त्यावर फार लिहीत नाही, ते नेहमीचंच.

लाइफ जॅकेटवर मात्र थांबतो. धाकट्यासाठी त्याच्याकडे लहान जॅकेट नव्हतं. त्याने मोठ्यांचंच चढवलं आणि पोटावर सुतळी गुंडाळली. तपासायची रीत सोपी आहे: मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि जॅकेट खांद्यांपाशी धरून वर उचला. ते कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर. आमचं तर डोक्यावरून निघालंच. बायकोने तिथेच सांगितलं, जॅकेट आणा नाहीतर आम्ही उतरतो. "काही समुद्र नाही हो हा, तळं आहे," असं पुटपुटत त्याने शेजारच्या बोटीतून एक आणून दिलं. तळं! अमेरिका आणि कॅनडाच्या मधलं लेक सुपीरियरही तळंच आहे, तेही गोड्या पाण्याचं. तिथे १० नोव्हेंबर १९७५ ला वादळात २२२ मीटर लांबीचं 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे मालवाहू जहाज सगळ्या २९ जणांसकट बुडालं. मोठ्या तलावावर वाऱ्याला मोकळं धावायला लांबच लांब पाणी मिळतं, आणि तिथल्या लाटा आखूड आणि उभ्या चढाच्या असतात. हे त्यालाही ठाऊक होतंच, कारण पुढच्याच वीस मिनिटांत त्याने तेच कारण आमच्यावर वापरलं.

धक्क्यापासून थोडं पुढे गेल्यावर एका खाचेसारख्या शांत कोपऱ्यात त्याने बोट वळवली. म्हणाला, मध्ये वारा फार आहे, लहान मुलं आहेत, धोका नको. यावर कोण वाद घालणार? वारा बघून मागे फिरणारा गाइड खरं तर चांगलाच, आणि म्हणूनच ही थाप इतकी बेमालूम बसते. पण मी बाहेरच्या पाण्याकडे पाहत होतो आणि एकाही लाटेच्या माथ्यावर पांढरा फेस नव्हता. वारा जरा जोर धरायला लागला की तो दिसतोच. तिथे नुसत्या सुरकुत्या होत्या. त्याला इंधन वाचवायचं होतं, आणि बहुतेक आम्हाला इतर बोटींपासून लांबही ठेवायचं होतं.

मग तो पडदा. सुकाणूशेजारी मासे दाखवणारं सोनार यंत्र लावलेलं होतं. निळ्या पडद्यावर पिवळ्या-लाल कमानी सरकत होत्या, अधूनमधून 'टुंग' आवाज येत होता आणि पोरं प्रत्येक आवाजाला किंचाळत होती. हे यंत्र पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजून खोली आणि मासे दाखवतं. बोट माशावरून जाते तेव्हा अंतर आधी घटतं, मग वाढतं, म्हणून कमान उमटते. बोट उभी आणि खाली मासाही स्थिर असेल तर कमान नाही, सरळ रेघ येते. आमची बोट नांगर टाकून उभी होती आणि पडद्यावर एकापाठोपाठ एक अशा कमानींची वरात चालली होती.

एवढं मला तेव्हा समजत नव्हतं. दोन गोष्टी मात्र साध्या डोळ्यांना दिसत होत्या आणि तरीही मी त्या पाहिल्या नाहीत. पडद्यावर खोली १८ मीटर होती. नांगराचा दोर मात्र आत गेला होता तो जेमतेम तीन-चार वाव, म्हणजे सहा-सात मीटर. १८ मीटर पाण्यात नांगर नीट धरायचा तर खोलीच्या कित्येक पट दोर सोडावा लागतो, इथे तर तो तळालाही पोचला नसता. दुसरं, पडद्यावर पाण्याचं तापमान ११ अंश होतं आणि मुलगी त्याच पाण्यात हात घालून, "कसलं कोमट आहे," म्हणत होती. तापमान मोजणारा भाग वरच्याच पाण्यात असतो, तो तळाचं तापमान सांगत नाही. अशा बऱ्याच यंत्रांत दुकानात दाखवण्यासाठी 'सिम्युलेटर' नावाची सोय असते. ती चालू केली की यंत्र पाण्यात नसतानाही पडद्यावर मासे पोहतात, आणि सहसा कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही येतं. आमच्या पडद्याच्या नेमक्या त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी होती. मला वाटलं, काच तडकली असेल.

दोन तास काहीच लागलं नाही. धाकटा झोपला. मुलगी हिरमुसली आणि तिचा गळ घेऊन गाइड म्हणाला, "थांब, आमिष बदलून देतो." तो मागच्या टोकाला गेला, आमच्याकडे पाठ करून इंजिनाशेजारच्या पेटीपाशी वाकला, दोरी हाताने सोडत सोडत परत आला आणि काठी तिच्या हातात देतो न देतो तोच ओरडला, "लागला! ओढ, ओढ!"

काठी वाकली खरी. पण जिवंत मासा गळाला लागला की दोरी पाणी कापत डावी-उजवीकडे धावते, बोट दिसली की मासा पुन्हा खाली बुडी मारतो, रीळ कुरकुरतं. इथे दोरी एका रेषेत सरळ आली. अण्णांच्या शब्दांत सांगायचं तर, विहिरीत पडलेला टॉवेल काढावा तसा. तो ट्राउट होता, कोपराएवढा. डोळे दुधाळ. डोकं आणि शेपूट धरून आडवा केला तरी मध्ये वाकेना, पट्टीसारखा ताठ. कल्ल्याची झाकणं अण्णांनी बोटाने उचलून पाहिली, आत लाल नाही, तपकिरी. आणि गार. मासा थंड रक्ताचा, भोवतीच्या पाण्याचं जे तापमान तेच त्याचं. कोमट, उथळ पाण्यातून निघालेला मासा बर्फासारखा असेल तर तो पाण्यातून निघालेलाच नाही. शिवाय ट्राउटला थंड पाणी लागतं. भर उन्हाळ्यात भर दुपारी तो असल्या उथळ जागी कशाला येईल?

मी विचारलं अण्णांना, संध्याकाळी. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? ते लहानपणापासून नदीवर गळ टाकत आलेले. "कळलं होतं," म्हणाले. "पण पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसलो."

या धंद्याचं सगळं गणित या गप्प बसण्यावर आहे. चार मित्र असते तर बोटीतच भांडण झालं असतं. कुटुंब असलं की कोणी बोलत नाही, ज्याला शंका येते तो पोरांसाठी गिळतो आणि ज्याने पैसे भरलेत त्याला शंका नकोच असते. मलाही नको होती, हे कबूल करतो.

फोटो झाल्या झाल्या त्याने मासा उचलून पेटीत टाकला. "साफ करून देतो." धक्क्यावर पिशवीतून तुकडे मिळाले, कातडी काढलेले. कोणत्या माशाचे, देव जाणे. परवान्यांचं विचारलं तर त्याने दुरूनच एक कागद फडकावला. हातात घेऊन पाहिला तर तो बोटीच्या नोंदणीचा होता, आमच्यापैकी कोणाचं नावच त्यावर नाही. जिथे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला आपापला परवाना लागतो तिथे तपासणीवाला आला असता तर दंड आमच्याच गळ्यात पडला असता.

आम्ही जिथे मुक्कामाला होतो तिथेच सकाळच्या बोटीतलं ते कुटुंबही होतं. संध्याकाळी अंगणात पोरांची गट्टी जमली. थोड्या वेळाने आरडाओरडा. "हा माझा मासा आहे!" "नाही, माझा आहे, मी पकडलाय!" जाऊन बघितलं तर दोघांच्या हातात आपापल्या आयांचे फोन आणि दोन्ही फोटोंत एकच मासा. शेपटीच्या वरच्या पाकळीला इंग्रजी व्हीसारखी खाच आणि त्याच्या खालीच एक मोठा गोल काळा ठिपका. त्या मुलाचा फोटो सकाळी ७ चा, आमचा दुपारी २ चा. मुलांना काय झालंय ते कळलं नाही, त्यांना वाटलं दुसरा खोटं बोलतोय. आम्ही चार मोठी माणसं एकमेकांकडे बघत उभी. मग त्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमचाही गार होता का?"

दोन्ही कुटुंबांनी मिळून त्याच रात्री लिहून तक्रार केली आणि पैसे परत मागितले. फोनवर बोललो नाही, मुद्दाम. जाहिरातीची पानं तशीच्या तशी जपून ठेवली, आदल्या रात्रीचा निरोप ठेवला, दोन्ही फोटो वेळेसकट ठेवले. पैसे कार्डाने भरले होते म्हणून बँकेकडेही लगेच वाद नोंदवला, कबूल केलेली सेवा मिळाली नाही म्हणून. याला मुदत असते, परत आल्यावर बघू म्हणू नका. त्या कुटुंबाने उरलेले पैसे धक्क्यावर रोख दिले होते, त्यांच्या हातात त्याचा काहीच पुरावा नाही. आमचं प्रकरण अजून चालू आहे.

गाइडचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. एकच ओळ, "मासा मिळाला ना? फोटो आहे की," आणि खाली आमच्याच मुलीचा फोटो, त्याने आपल्या फोनवर काढलेला. तोच फोटो आता त्याच्या जाहिरातीत सगळ्यात वर लावलाय, काढून टाका म्हणून दोनदा लिहिलं तरी. हात पुढे ताणून धरल्यामुळे मासा आहे त्याच्या दुप्पट दिसतो, आणि पोरगी इतकी हसतेय की बघणाऱ्याची नजर शेपटीकडे जातच नाही. तुमच्यासमोर अशी जाहिरात आली तर फोटो मोठा करून शेपटीची वरची पाकळी बघा. मग त्याच पानावरचे बाकीचे फोटो बघा.