'दिवस 33'चा व्हिडिओ: कुत्रा ट्रेनिंगला ठेवण्याआधी हे वाचा

आमचा बंडू लॅब्रडॉर आहे, फिकट पिवळ्या रंगाचा. गेल्या पावसाळ्यात, तो 11 महिन्यांचा असताना, आम्ही त्याला 45 दिवसांच्या ट्रेनिंगसाठी एका केनेलवर, म्हणजे कुत्रे सांभाळायच्या जागी, ठेवलं. 34व्या दिवशी मी त्याला तिथून उचलून आणलं तेव्हा त्याचं वजन सहा किलोने उतरलं होतं आणि प्लेटलेट्स 42 हजारांवर आल्या होत्या. मधल्या काळात माझ्या फोनवर त्याचे उड्या मारतानाचे व्हिडिओ येतच होते. ते खोटे होते हे आम्हाला इतके दिवस का कळलं नाही, ते सांगायला हे लिहिते आहे.

जूनमध्ये सासूबाई बंडूला खाली फिरवायला घेऊन गेल्या होत्या. पार्किंगमध्ये मांजर दिसलं, बंडूने हिसका दिला आणि पट्टा त्यांनी मनगटाला गुंडाळलेला होता. त्या आडव्या झाल्या, उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पट्टा मनगटाला कधीच गुंडाळायचा नसतो, मुठीत धरायचा असतो, म्हणजे वेळ आली तर सोडून देता येतो. हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई म्हणत राहिल्या, "त्याला कुणी बोलू नका, माझाच पाय सरकला." पण रोज जेवताना तोच विषय निघायचा आणि शेवटी ठरलं की याला शिकवायला हवं.

ओळखीच्या एकांकडून नंबर मिळाला. माणूस घरी आला, बोलायला अतिशय गोड, मला ताई, नवऱ्याला दादा, सासूबाईंच्या पाया पडला. कमरेच्या पिशवीतून उकडलेल्या चिकनचा तुकडा काढून बंडूच्या नाकावरून हळूच मागे नेला. बंडू बसला. पाच मिनिटांत दहा वेळा बसला. आम्ही सगळे थक्क. आज मला माहीत आहे की तुकडा नाकावरून वर नेला की कुत्र्याची मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं. कुठलाही भुकेला लॅब हे पहिल्या दिवशी करतो. पण त्या संध्याकाळी आम्हाला ती त्या माणसाची विद्या वाटली.

45 दिवसांचे 32 हजार रुपये, त्यातले निम्मे आधी. शिवाय 'किट'चे साडेतीन हजार. जागा मुळशीच्या बाजूला, "मोकळं रान आहे ताई, रोज सकाळ-संध्याकाळ पळवतो." अटी दोनच होत्या. पहिले 21 दिवस भेटायला यायचं नाही, कारण मालक दिसला की कुत्रा शिकलेलं विसरतो. आणि व्हिडिओ कॉल होणार नाही, कारण डोंगरात रेंज नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ मात्र तो गावात आला की पाठवणार.

या दोन अटींनीच सगळा घात केला, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबते. मालक दिसल्यावर जे विसरायला होतं ते शिक्षण आपल्या काय उपयोगाचं? कुत्रा नुसता शब्द शिकत नाही, तो माणूस आणि जागा यांच्यासकट शिकतो. केनेलच्या आवारात परक्या माणसापुढे बसणारा कुत्रा आमच्या पार्किंगमध्ये सासूबाईंसमोर बसेलच असं नाही. म्हणून जो ट्रेनर खरोखर जाणकार असतो तो पहिल्या आठवड्यापासून मालकाला शेजारी उभं करतो. मला हे समजावून सांगितलं ते आमच्या डॉक्टरांनी, पण नंतर.

दुसरी एक गोष्ट त्याच दिवशी खटकायला हवी होती. त्याने बंडूचं लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही. मी हातात घेऊन उभी होते, तो म्हणाला, "असू दे ताई, तुमच्यावर विश्वास आहे." मला बरं वाटलं. पण जो माझ्या कुत्र्याचं कार्ड बघत नाही तो बाकीच्यांचंही बघत नसणार. म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर, केनेल कफ असा कुठलाही संसर्गाचा आजार घेऊन कुठलाही कुत्रा त्या आवारात येऊ शकतो.

जाण्याच्या तीन दिवस आधी बंडूला उलट्या झाल्या होत्या म्हणून रक्त तपासलं. रिपोर्ट चांगला आला, प्लेटलेट्स 2 लाख 80 हजार, वजन 28 किलो 400 ग्रॅम. रक्त काढण्यासाठी उजव्या पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले होते, साधारण दोन बोटं रुंदीचा चौकोन, खालची गुलाबी कातडी दिसत होती. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. निरोप देताना तिने त्या चौकोनावर बोट फिरवून पाहिलं होतं, मऊ लागतंय म्हणाली.

मग व्हिडिओ यायला लागले. 'दिवस 6' लिहिलेल्या व्हिडिओत बंडू बसतो. 'दिवस 14'मध्ये बसून राहतो, माणूस लांब जातो. 'दिवस 22'मध्ये पायाला चिकटून चालतो. प्रत्येक वेळी आम्ही टीव्हीवर लावून बघितलं. सासूबाई प्लास्टरच्या हाताने टाळी वाजवायला जायच्या. 21 दिवस झाल्यावर भेटायला येते म्हटलं, तर "आता महत्त्वाचा टप्पा चालू आहे, आणि पावसात रस्ताही खचलाय." मधे औषधाचे म्हणून 2,800 मागितले, दिले. 30व्या दिवशी म्हणाला, बंडू हुशार आहे, पण अजून 15 दिवस वाढवा, 9 हजारांत करून देतो. तीन दिवसांनी ते पैसे पाठवायला मी बसलेच होते.

त्याच रात्री, पैसे पाठवायच्या आत, मुलगी फोनवर 'दिवस 33'चा व्हिडिओ बघत होती. ती म्हणाली, "आई, त्याच्या पायाचे केस अजून का नाही आले?"

मी व्हिडिओ थांबवला, मोठा करून पाहिला. तोच चौकोन, तीच गुलाबी कातडी, कडा अगदी काल मशीन फिरवल्यासारख्या. महिनाभरात थोडे तरी केस उगवायला हवे होते. मग सगळे व्हिडिओ एकामागून एक लावले. चारही ठिकाणी मागे तोच निळा ड्रम, ड्रमवर तसंच अर्धवट टाकलेलं पोतं. बंडूच्या मागच्या डाव्या पायावर चिखलाचा तोच शिंतोडा. आणि लख्ख ऊन. जुलैच्या मध्यापासून मुळशीत ज्या दिवसांत पाऊस थांबत नव्हता त्या दिवसांत चारही वेळा लख्ख ऊन. सगळं चित्रण पहिल्या एक-दोन दिवसांत उरकलेलं होतं आणि आम्हाला ते तुकड्या-तुकड्यांनी वाढलं जात होतं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवल्याची तारीख दिसते, काढल्याची नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर त्याचा धंदा चालला होता.

दुसऱ्या दिवशी न कळवता मी आणि माझा भाऊ गेलो. रस्ता खचलेला नव्हता. फाटकापाशी उभी राहिले तेव्हा माझ्या फोनला रेंजही होती.

पत्र्याची शेड. आत दोन ओळींत लोखंडी पिंजरे, मी मोजले, अकरा. फरशी ओली, मूत आणि फिनेलचा मिळून वास. मोकळं रान होतं, पण त्याचं गवत गुडघ्याच्या वर वाढलेलं, कुणी कुत्रा तिथे पळवत असता तर पायवाट पडली असती. तिथला मुलगा "साहेब नाहीत, नंतर या" म्हणत आडवा आला. भावाने त्याला बाजूला घेतलं. बंडू शेवटच्या पिंजऱ्यात होता. माझा आवाज ऐकून तो उठला, पण उडी मारली नाही. शेपूट हलवत हलवत खाली लोळला आणि जागेवरच लघवी केली. मी पट्टा लावायला हात पुढे केला तर त्याने डोळे मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. हे मी कधी विसरणार नाही.

गाडीत बसल्यावर बघितलं. नखं इतकी वाढलेली की पुढची दोन वळून पंजाच्या गादीला टेकत होती. जो कुत्रा रोज डांबरी रस्त्यावर किंवा दगडमातीत चालतो त्याची नखं बरीचशी आपोआप झिजतात. ही नखं सांगत होती की तो चाललेलाच नाही. कोपरांवरचे केस जाऊन जाड काळे चट्टे पडलेले, कारण सिमेंटवर पडून राहिलेला. कानांच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांमधे गोचीड, काही ज्वारीच्या दाण्याएवढे फुगलेले. आणि गळ्यावर पट्ट्याखाली केस गेलेले, तिथे बारीक खपल्यांच्या दोन ओळी. डॉक्टरांनी बघताच सांगितलं, काटेरी पट्टा ओढल्याच्या खुणा.

वजन 22 किलो 300. हिरड्या पांढुरक्या. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा आजार निघाला, त्यातला एर्लिकिया. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चार आठवडे, तेही खाणं पोटात गेल्यावरच, नाहीतर उलटी. पहिल्या आठवड्यात दर दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढले. आमच्याकडे मोठी माणसं रॉकेल लावा म्हणतात, ते करू नका, कातडी भाजते. नखं एकदम कापता आली नाहीत, कारण नख वाढतं तशी त्यातली रक्तवाहिनीही पुढे येते. दर आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं टोक कापायचं, म्हणजे ती हळूहळू मागे सरकते. बंडूची नखं जागेवर यायला अडीच महिने लागले.

त्या माणसाने दोन दिवस फोन घेतला. "लॅब आहे ताई, नखं वाढतातच." मग "गोचीड तुमच्याकडूनच आले." त्याला जाण्याआधीचा रक्ताचा रिपोर्ट पाठवला तेव्हा नंबर बंद झाला आणि त्याचं पेजही दिसेनासं झालं. आमच्याकडे लेखी करार नव्हता, पण पैसे यूपीआयने दिलेले, चॅट, मूळ व्हिडिओ, दोन तारखांचे वजन आणि रक्ताचे रिपोर्ट एवढं होतं. चॅट पुसायच्या आधी त्याची प्रत काढून ठेवा. पोलिसांनी तक्रार अर्ज घेतला. प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा 1960चा आहे. अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं, फार वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणं त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. मी तो आकडा दोनदा वाचला. म्हणून सोबत जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आमचं प्रकरण अजून चालू आहे.

कुत्रा कुठेही ठेवायची वेळ आली, ट्रेनिंगला किंवा नुसतं गावाला जाताना, तर आदल्या दिवशी त्याचं वजन करा, नखांचे, कानांचे, गळ्याचे फोटो काढा. जागा न कळवता एकदा बघून या, आणि कुत्रे झोपतात ती जागा बघा, ऑफिस नाही. व्हिडिओ आला तर उलट मागणी करा: आजचा पेपर शेजारी धरून काढा. खरा माणूस हसेल आणि काढून देईल. "भेटायला येऊ नका" म्हणणाऱ्याच्या ताब्यात कुत्रा देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

बंडूला आम्ही घरीच शिकवलं. एक ताई आठवड्यातून एकदा येतात, तासभर, आणि तो तास बंडूला कमी, आम्हालाच जास्त शिकवतात. छातीचा हार्नेस घेतला. त्याने ओढलं की आपण झाडासारखं थांबायचं, पट्टा सैल झाला की चालायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा, हातात गाजराचे तुकडे. गळ्याकडे हात नेला की तो अजून क्षणभर थबकतो. म्हणून आधी तळहात दाखवायचा, त्याने वास घेतला की मग हार्नेस. सासूबाईही आता त्याला खालच्या बागेपर्यंत नेऊन आणतात.

एक राहिलं. त्या शेडमध्ये तिसऱ्या पिंजऱ्यात एक पांढरा स्पिट्झ होता. कानामागे आणि पोटाखाली केसांच्या जटा झालेल्या, एका डोळ्यातून पाणी. गळ्यातल्या बिल्ल्यावर मालकांचा नंबर कोरलेला होता. मी पिंजऱ्याबाहेरून फोटो काढला आणि गाडीतूनच फोन लावला. हडपसरचे एक निवृत्त काका होते. ते म्हणाले, तुमची काहीतरी चूक होतेय, आमचा तर मजेत आहे, आज सकाळीच 'दिवस 19'चा व्हिडिओ आलाय, छान विंचरलेला दिसतोय. मी त्यांना माझा फोटो पाठवला. दोन मिनिटं पलीकडून काही आवाज आला नाही. मग त्यांनी पत्ता विचारला, आणि रिक्षा करून रात्री आठ वाजता ते तिथे पोचले.