सेकंडहँड एरॉन खुर्ची: घ्यायच्या आधी मागचे ठिपके मोजा

घरून काम करणाऱ्यांनी टेबल, लाईट, झाडं या सगळ्याच्या आधी खुर्चीवर पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. माझं काम अकाउंट्सचं, जीएसटी रिटर्न भरायच्या 11 आणि 20 तारखा जवळ आल्या की सकाळी बसलं की जेवायलाच उठायचं असा प्रकार, आणि कंबर त्याचा हिशोब बरोब्बर ठेवते.

हर्मन मिलर कंपनीची एरॉन ही ऑफिस खुर्ची नवीन घ्यायची तर लाखाच्या वर जाते, ते माझ्या बजेटमध्ये नव्हतं. पण पुण्यात आयटी ऑफिसं शिफ्ट होतात, बंद होतात आणि तिथला माल जुन्या ऑफिस फर्निचरवाल्यांकडे येतो, तिथे हीच खुर्ची बऱ्याच कमी किमतीत मिळते, मला 32 हजारात पडली. जुनी म्हणून लगेच नाक मुरडू नका. 1994 ला डॉन चॅडविक आणि बिल स्टंफ यांनी ही डिझाइन केली, त्या काळात साहेबांची खुर्ची म्हणजे जाड फोम आणि वर लेदर, यांनी फोम काढूनच टाकला आणि सीटला, पाठीला दोन्हीकडे ताणलेली जाळी लावली. फोम दबतो, बसतो, त्यामुळे जुन्या फोमच्या खुर्चीत काही राम नसतो, पण जाळी चांगली असेल तर वापरलेली खुर्चीही मस्त चालते. आणि एप्रिल मे मध्ये दुपारी पाठीमागून हवा लागते, रेक्झिनच्या खुर्चीत जो शर्ट चिकटतो ते इथे नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एरॉन तीन साइझमध्ये येते, ए, बी आणि सी. सीटची खोली कमी जास्त करायची सोय हिच्यात नाहीये, म्हणूनच तर तीन साइझ केल्यात. पाठीच्या वरच्या कडेला मागून, मधोमध हात फिरवा, बारीक उंचवटे लागतात, एक ठिपका म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. माझी उंची पाच फूट. दुकानात रांगेत बहुतेक बीच होत्या आणि बी मध्ये मागे टेकून बसलं की सीटची पुढची कड माझ्या गुडघ्याच्या मागे लागत होती, मग माणूस आपोआप पुढे सरकतो आणि पाठ अधांतरी राहते. असं झालं तर कितीही भारी खुर्ची असू दे, उपयोग शून्य! ए मध्ये बसल्यावर गुडघ्यामागे दोन तीन बोटं जागा राहिली आणि कंबर नीट टेकली. एवढंच बघायचं, बाकी रंगबिंग नंतर.

बसून बघताना अजून काय तपासायचं: जाळी कडेला उसवली आहे का, लिव्हर ओढून वर केल्यावर खुर्ची हळूहळू खाली येते का (येत असेल तर गॅस लिफ्ट, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा मधला दांडा, गेला), हात डगमगतात का, आणि जुन्या मॉडेलला कमरेचं पॅड वेगळं असतं ते जागेवर आहे का. पुढे झुकायचा लिव्हर सगळ्यांना नसतो, टायपिंग जास्त असेल तर तो असलेलीच शोधा.

मांडी घालून बसायची सवय असणाऱ्यांसाठी ही खुर्ची नाही हे स्पष्ट सांगते, कारण सीटच्या दोन्ही बाजूंना कडक फ्रेम आहे आणि डिझाइनच पाय खाली सोडून बसायचं आहे.

आणि पाय खाली सोडायचे तर ते टेकलेही पाहिजेत. आपल्याकडचं नेहमीचं टेबल साधारण 30 इंचाचं, माझ्या उंचीला ते उंच होतं, कोपर टेबलाच्या लेव्हलला आणायला खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात. टेबल कापायला सुतार बोलवायची गरज नाही, घरातला जेवणाचा लाकडी पाट पायाखाली घेतला, एकदम फिट. लॅपटॉप स्टँडवर, कीबोर्ड वेगळा, स्क्रीनची वरची कड डोळ्यासमोर, आणि खिडकी बाजूला घ्या, समोर घेतली तर डोळे दिपतात आणि मागे असली तर स्क्रीनवर चमकते. हे सगळं करून बसल्यावर मान आणि खांदे दोन्ही सुटले, संध्याकाळी गोळी घ्यायची वेळ येत नाही आता.

दुकानाबद्दल: वाघोलीच्या बाजूचं छोटं गोडाऊन आहे, काकांनी घाई न करता प्रत्येक खुर्चीत बसू दिलं, टेम्पोने घरपोच पाठवली. कंपनीची वॉरंटी जुन्या मालाला मिळेल असं धरू नका, गॅस लिफ्टची दुकानाची गॅरंटी किती महिने ते बिलावर लिहून घ्या, काकांनी लगेच लिहून दिली. ए साइझ मात्र कमी येते, त्यासाठी नंबर देऊन ठेवा, माल आला की ते फोन करतात, मला केला होता.